तीन रुपयांचं फलाट तिकीट

कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस चुकली म्हणून मी त्या रात्री सीएसटीवर होतो. २६ नोव्हेंबर २००८. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मशीन शॉपसाठी गेज, म्हणजे मापाची साधनं, आणायला सकाळी मुंबईत उतरलो होतो. परतीचं रिझर्व्हेशन होतं, पण टॅक्सी अडकली आणि गाडी गेली. मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पुणे गाठायचं आणि स्वारगेटहून पहाटेची एस.टी. धरायची, असं ठरवून पुण्याचं साधं तिकीट काढलं आणि मेन लाईनच्या मोठ्या हॉलमध्ये बॅगेवर टेकलो. शेजारी एक बाई होत्या. "पाणी भरून आणते, एवढ्या पिशवीकडं बघा," म्हणून गेल्या.

पावणेदहा होऊन गेले होते. पहिल्या आवाजाला मला वाटलं, कुणी तरी फटाक्याची माळ लावली. कोल्हापूरचा माणूस, दुसरं काय वाटणार? मग उजव्या मांडीत कुणी तरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं. पिशवीतला डबा उलटला होता आणि त्याचं झाकण फरशीवर गरगर फिरत माझ्याकडं आलं. ते थांबेपर्यंत मी त्याच्याकडंच बघत होतो. एवढं लख्ख आठवतं, बाकी तुकडे आहेत. लोकलच्या बाजूला विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक माईकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत होते, हे मला नंतर पेपरात वाचून कळलं. त्या बाईंचं काय झालं, ते मात्र आजवर कळलेलं नाही.

मला सामानाच्या हातगाडीवर घालून बाहेर नेलं. जे.जे.मध्ये बावीस दिवस काढले. मांडीच्या हाडात सळई बसली. थोरला भाऊ येऊन राहिला आणि मग ॲम्ब्युलन्सने कोल्हापूर.

घरी येऊन बघतो तर गल्लीच्या तोंडाला माझा फ्लेक्स! पासपोर्टचा फोटो फाडफाड मोठा केलेला, मागं वाघ, वर 'मृत्यूला चारी मुंड्या चीत करणारा'. पोरांची माया खरी, पण मला तो बघवेना. मी काही केलं नव्हतं. बाकड्याखाली तोंड खुपसून पडलो होतो. बायकोने तालमीतल्या पोरांना हळूच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स गेला. का काढायला लावला, हे कुणी विचारलं नाही. त्या महिन्यातली सगळ्यात मोठी मदत माझ्या लेखी हीच.

बघायला माणसं रोज यायची आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असायचं. एकाने तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं. माणसं गेली की रात्रभर डोळा लागत नसे. शेवटी आई दारात बसायला लागली. "पायाला बरं हाय. च्या घ्या," एवढ्यावर ती माणसांना वाटेला लावायची. कुणाकडं असा प्रसंग आला, तर दारात असं एक माणूस बसवा.

पैशाचं मला उशिरा कळलं. सरकारी मदतीसाठी ज्या कचेरीत गेलो तिथं सांगितलं, घटना मुंबईची, तिकडं जा. तिकडं म्हणाले, राहायला कोल्हापुरात, तर कागद तिकडून आणा. मधे पाच महिने गेले. मग कळलं की केंद्राच्या योजनेत मृत्यूसाठी किंवा पन्नास टक्के आणि वर कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठी तीन लाख होते (२०१६ च्या ऑगस्टपासून ते पाच झाले), आणि माझं अपंगत्व अठरा टक्के. विषय संपला.

ऑगस्ट २००९ मध्ये मालक म्हणाले, "कोर्टात फुकट वकील मिळतो म्हणं, विचारून तरी ये." जिल्हा न्यायालय तेव्हा सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर होतं. त्याच जुन्या इमारतीत आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय. तिथल्या विधी सेवा प्राधिकरणात माझं उत्पन्न बघून मला मोफत सल्ल्याला पात्र धरलं. १९८७ च्या त्या कायद्यात बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना, कमी कमाईच्या माणसांना आणि मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांनाही वकील मिळतो. समोर बसलेल्या तरुण वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, तिकीट होतं का?"

मला राग आला. पायातनं गोळी गेलीय आणि ह्या टी.सी.सारखं तिकीट मागतायत.

मग त्यांनी समजावलं. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १२४-अ आहे. रेल्वेच्या हद्दीत अतिरेकी हल्ला झाला तर रेल्वेची चूक असो-नसो, भरपाई द्यावी लागते, पण ती प्रवाशाला. आणि प्रवासी म्हणजे तिकीट काढलेला माणूस. नुसतं फलाट तिकीट असलेलाही त्यात धरतात. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडं वर्षाच्या आत करायचा. म्हणजे माझ्या हातात तीन महिने उरले होते.

तिकीट शर्टाच्या खिशात होतं आणि शर्ट दवाखान्यात कापून टाकला होता. वकीलबाई म्हणाल्या, महालक्ष्मीचं रिझर्व्हेशन तर नावावर आहे ना? मग धावपळ सुरू झाली. रिझर्व्हेशनची नोंद, जे.जे.चं डिस्चार्ज कार्ड, जखमेचा दाखला, जखमींच्या यादीत माझं नाव असलेला पोलिसांचा कागद, माझं प्रतिज्ञापत्र. एका कागदावर आडनावात एक अक्षर जास्त होतं. ते एक अक्षर काढायला दोन फेऱ्या झाल्या. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा आमच्या हातात तो निकाल नव्हता. अर्ज नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल झाला.

खरी अडचण पुढं होती. न्यायाधिकरण मुंबईत. सुनावणीला महालक्ष्मीनेच जायचं आणि उतरायचं त्याच सीएसटीवर. मी गाडीचं नाव काढलं तरी घामाघूम व्हायचो. शॉपमध्ये सळई खाली पडली की लेथमागं बसायचो. शाहू स्टेडियमवर सामना असला आणि गोल झाला की फटाके वाजतात. त्या दिवशी मी संडासात कडी लावून बसे. बायकोला वाटलं पोट बिघडलं.

तिनेच सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. मी म्हटलं, मी काय येडा आहे का? डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होते. गोळ्या दिल्या, पण त्याबरोबर एक चमत्कारिक काम सांगितलं. संध्याकाळी आपल्या कोल्हापूरच्या स्टेशनवर जायचं, फलाट तिकीट काढायचं आणि दहा मिनिटं बसायचं. जीव घाबरला तरी लगेच उठायचं नाही. भीती चढते तशी उतरते, ती उतरेपर्यंत थांबायचं.

पहिल्या दिवशी मी तिकीट खिडकीवरूनच परत आलो. दुसऱ्या दिवशी तालमीतला एक पोरगा बरोबर आला, विन्या म्हणू त्याला. तेव्हा अकरावीत असेल. फलाट तिकीट तीन रुपयाला होतं. बाकड्यावर बसलो. महालक्ष्मी लागलेली होती, हमाल ओरडत होते आणि माझे हात थडथड उडत होते. विन्या काही बोलला नाही. त्याने शेंगदाण्याची पुडी सोडली आणि एक एक दाणा माझ्या हातावर ठेवत राहिला. पुडी संपली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. असे आम्ही दीड महिना जात होतो. त्यातलं एक तिकीट माझ्या व्हर्नियरच्या, म्हणजे मापपट्टीच्या, डबीत अजून आहे.

पहिल्या तारखेला दादरलाच उतरलो आणि टॅक्सी केली. दुसऱ्यालाही दादरच. तिसऱ्या वेळी भावाचा हात धरून सीएसटीवर उतरलो आणि डोळे जमिनीला लावून बाहेर आलो. सातव्या की आठव्या फेरीला त्या हॉलमध्ये थांबून चहा प्यायलो. चहा पाणचट होता.

निकाल साडेतीन वर्षांनी लागला. नियमांत तक्ता आहे: हात, पाय, बोट, डोळा, हाड, कशाला किती ते सगळं लिहिलेलं. झोपेचा रकाना त्यात नाही. मिळाले त्यातून कर्ज फिटलं आणि थोडे उरले. मृत्यूची भरपाई तेव्हा चार लाख होती, २०१७ पासून आठ आहे. मालकांनी मला लेथवरून काढून इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. पगार तोच ठेवला आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

आता बऱ्याच गोष्टी फोनवर होतात. १४४१६ लावला की टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर चोवीस तास मराठीत बोलता येतं. २०२२ पासून ते चालू आहे, पैसे लागत नाहीत. विधी सेवेचा नंबर १५१००. माझ्या वेळी हे असतं तर बायकोला संडासाच्या दारावर थापा माराव्या लागल्या नसत्या, असं वाटतं. पण मी लावला असता का, देव जाणे. गड्याला आधी कुणी तरी धरूनच न्यावं लागतं.

दर नोव्हेंबरात एखादा फोन येतो, "अनुभव सांगा" म्हणून. मी नाही म्हणतो. हे लिहितोय ते वेगळं. इथं मला थांबता येतं.

सामन्याला जातो मी आता. विन्याचा स्वतःचा पोरगा झालाय, तो खांद्यावर असतो. गोल होऊन पोरं उठली की विन्या आधी माझ्याकडं वळतो आणि ओरडतो, "काका, लावतायत हं!" मी कान झाकतो. त्याचं पोरगं माझं बघून कान झाकतं.