लाईट गेली की टनल का मरायचा, ते सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! वायरगार्डचा टनल (घर आणि बाहेरचा सर्व्हर जोडणारा इंटरनेटवरचा खाजगी बोगदा) लाईट परत येऊनही उठायचा नाही म्हणून मागे एवढा कीस पाडला होता ना आपण, तो टनल आता रास्पबेरी (घरातला छोटा कॉम्प्युटर) चालू झाली की लगेच उभा राहतो, आणि मला हे कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय.

सेटअप तोच आहे. फैजपूरला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत रास्पबेरी ४, मळ्यातल्या ईएसपीकडून (सेन्सरच्या वायफाय बोर्डाकडून) येणारं तापमान आणि पाऊस, घरचं फायबर सीजीनॅटच्या मागे (म्हणजे घराला स्वतःचा पब्लिक पत्ता नाही, बाहेरून थेट आत येता येत नाही) म्हणून मुंबईच्या व्हीपीएसपर्यंत (भाड्याच्या सर्व्हरपर्यंत) वायरगार्ड, आणि पुढे हे आकडे वेबपानावर लोकांना दाखवायला एनजिनएक्स. थंडीत केळीवर चरका (थंडीने होणारं नुकसान) पडेल या धास्तीने आमच्याकडचे लोक पहाटे उठून ते पान उघडतात आणि रात्री लाईट जाऊन आलेली असली की त्यांना दिसतं ५०४, म्हणजे मागून वेळेत उत्तरच नाही. ते माझ्या फार जिव्हारी लागायचं.

वैताग असा होता की त्याला काही नेमच नव्हता. कधी लाईट आल्यावर दोन-चार मिनिटांत टनल वर, तर कधी पाऊण तास मुडदा, आणि मग हात न लावता आपोआप जिवंत. व्हीपीएसच्या बाजूने डब्ल्यूजी-क्विक (टनल बंद-चालू करणारी कमांड) खाली-वर केलं की मात्र तत्काळ चालू. एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १२८० करून झाला, कीपअलाइव्ह (टनल जागा ठेवणारं पाकीट) दर २५ सेकंदांचा आधीपासून होताच, राउटर पण बदलून पाहिला. मग व्हीपीएसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावून बसलो तर काय, हँडशेकची (टनल जोडतानाच्या ओळखीची) १४८ बाइटची पाकिटं व्यवस्थित येतायत पण ९२ बाइटचं उत्तर काही जात नाहीये. म्हणजे लाईन, राउटर, सीजीनॅट सगळे सुटले, नकार आपलाच व्हीपीएस देतोय. कर्नलचा डायनॅमिक डीबग चालू केला तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ओळ आली, इनव्हॅलिड हँडशेक इनिशिएशन, म्हणजे आलेली ओळखच अमान्य. आता टनलची किल्ली (की) चुकीची असती तर टनल कधीच चालला नसता!

तेव्हा चाळीसगावच्या भाऊंनी फोनवर विचारलं, "भो, लाईट किती वाजता जाते ते लिहून ठेवतो का?" मी नाही, पण आई ठेवते, कालनिर्णयवर पेन्सिलने, मोटारीच्या पाळीसाठी. त्या वेळा आणि व्हीपीएसचा लॉग शेजारी ठेवले आणि अंगावर काटा आला. लाईट दोन वाजून वीसला गेली असेल तर टनल झटक्यात उठलेला, दोन वाजून दहाला गेली असेल तर जवळपास तासभर खोळंबा. सगळा खेळ १७ व्या मिनिटाचा!

बघा कसं ते. रास्पबेरी ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, म्हणून फेक-एचडब्ल्यूक्लॉक हा प्रोग्राम दर तासाला वेळ फाईलमध्ये लिहितो, आणि डेबियनचा तासाचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) पळतो १७ व्या मिनिटाला. २:१० ला लाईट गेली तर परत उठताना तिला वाटतं आत्ता १:१७ वाजलेत. इकडे वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का पाठवतो आणि समोरचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो, त्याच्यापेक्षा जुना आला की गुपचूप फेकून देतो, कारण कोणी जुनं पाकीट पकडून परत पाठवत असेल तर ते ओळखता यावं. नियम चांगलाच आहे. पण व्हीपीएसकडे २:०८ चा शिक्का पडलेला, म्हणजे रास्पबेरीचं घड्याळ तिथवर सरकेपर्यंत दार बंद. व्हीपीएसवर इंटरफेस खाली-वर केला की ती आठवण पुसली जायची, म्हणून लगेच चालायचं.

मग क्रोनी (नेटवरून वेळ लावणारा प्रोग्राम) वेळ का दुरुस्त करत नव्हता? तर त्याला सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) पाहिजे, डीएनएस होता टनलच्या पलीकडे व्हीपीएसवरच्या अनबाउंड या डीएनएस सर्व्हरवर, आणि टनलला पाहिजे बरोबर वेळ. झाली ना गाठ!

उपाय दोन केले. क्रोनीला एक सर्व्हर नावाने न देता सरळ आयपीने दिला, क्लाउडफ्लेअरचा १६२.१५९.२००.१, आणि रास्पबेरीला डीएस३२३१ (बॅटरीवर चालणारं घड्याळ) बसवला. फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकला, एचडब्ल्यूक्लॉक-सेट या स्क्रिप्टमधल्या, सिस्टिमडी दिसली की तिथेच थांबवणाऱ्या त्या तीन ओळी कमेंट केल्या, आय२सीडिटेक्टमध्ये ६८ च्या जागी यूयू दिसलं (म्हणजे घड्याळाची चिप कर्नलने ताब्यात घेतली) तेव्हा फार भारी वाटलं. मग मुद्दाम घड्याळात दहा मिनिटं झालेली बघून मेन स्विच पाडला, थोडा वेळ थांबलो, परत टाकला. रास्पबेरी उठली, १४८ गेलं, ९२ आलं.

डीएस१३०७ स्वस्त मिळतो पण आपल्या जळगावकडच्या उन्हाळ्यात तो घेऊच नका, त्याचा क्रिस्टल तापला की घड्याळ भरकटतं. डीएस३२३१ तापमान बघून स्वतःला सावरतो, ४० अंशांच्या वरसुद्धा ३.५ पीपीएम (दहा लाखांत ३.५), म्हणजे वर्षाला दोन मिनिटांच्या आत. फक्त तो निळा मॉड्यूल घेतला तर त्यात चार्जिंगची सर्किट असते, ती एलआयआर२०३२ या रिचार्जेबल सेलसाठी. साधा सीआर२०३२ टाकणार असाल तर २०० ओहमचा रेझिस्टर आधी उचकटा, विशेषतः ५ व्होल्टवर. विकणाऱ्यांनी हे पाकिटावर छापायला पाहिजे. सेल आणि जम्पर वायरी मी गोलानी मार्केटमधून आणल्या, मॉड्यूल ऑनलाईन. रास्पबेरी ५ वाल्यांना फक्त बॅटरी जोडायचीये, घड्याळ बोर्डावरच आहे.

व्हीपीएसच्या एनजिनएक्सला पण प्रॉक्सी कॅशचं यूज-स्टेल लावलं, कनेक्ट टाइमआउट तीन सेकंद केला, म्हणजे टनल खाली असला तरी पहाटे लोकांना शेवटचा आकडा आणि त्याची वेळ तरी दिसेल.

रास्पबेरीसाठी मिनी यूपीएस घ्यायचा विचार होता तो आता राउटरसाठी घेतो, तिथे जास्त गरज आहे. आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, गच्चीवर मोकळं आकाश आहे तर निओ-६एम हा जीपीएस मॉड्यूल लावून जीपीएसवरूनच वेळ का घेऊ नये? फायबर तुटलं तरी वेळ बरोबर, आणि मळ्यातल्या ईएसपीला पण घरातूनच एनटीपी (नेटवर्कवरून वेळ). चार पिनांच्या बोर्डात पीपीएस (दर सेकंदाचा अचूक ठोका) बाहेर काढलेला नसतो, त्यामुळे पाच पिनांचाच शोधतोय. कोणाकडे पडून असेल तर सांगा, भुसावळला येऊन घेऊन जाईन. पत्र्याखाली अँटेना चालणार नाही हे नक्की, तेव्हा वायर बाहेर काढायला आधी भिंतीला भोक पाडावं लागणार.