मोडलेल्या विमानाचे तुकडे

गेल्या महिन्यात सिन्नरजवळच्या माळावर एका ताईंनी मला थांबवले. त्यांच्या नववीतल्या मुलाने पंधरा दिवस खपून थर्माकोलचे एक छोटे रेडिओ-नियंत्रित विमान बनवले होते आणि तिसऱ्याच उड्डाणात ते नाकावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले होते. मुलगा गाडीत जाऊन बसला होता आणि कोणाशी बोलत नव्हता. ताईंनी विचारले, ‘‘तुम्ही तर तीन-तीन महिने राबून विमान बनवता आणि ते एका मिनिटात मातीत जाते. तुम्हाला वाईट नाही का वाटत?’’ हा प्रश्न मला गेली पन्नास वर्षे शेजारी, नातेवाईक, माळावर शेळ्या चारणारी माणसे असे सगळेच विचारत आले आहेत. त्या दिवशी वारा वाढत होता आणि माझे विमान हवेत जायचे होते, म्हणून मी ‘‘वाटते, पण एकच संध्याकाळ’’ एवढेच म्हणालो. तुम्ही मनापासून विचारलेत, म्हणून आता सविस्तर सांगतो.

माझे वडील ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. 1969 साली, मी अकरा वर्षांचा असताना, संक्रांतीच्या आधी अण्णांनी येवल्याहून पतंगाचे कागद आणि बांबूच्या तासलेल्या कामट्या आणल्या. पतंग करून उरलेल्या कामट्यांतून मी एक ग्लायडर केले. त्याचा कणा खोक्याच्या लाकडी पट्टीचा होता, पंखाला कामट्यांची चौकट होती आणि तिच्यावर खळ लावून पतंगाचा कागद ताणलेला होता. क्वार्टरच्या गच्चीवरून सोडल्यावर ते नाक वर करून चढले, क्षणभर हवेत थांबले, मग नाक खाली घालून सरळ खालच्या अंगणात पडले आणि शेपटी तुटून बाजूला गेली. मी रडत खाली उतरलो, तेव्हा अण्णा आधीच तिथे उकिडवे बसले होते. ते म्हणाले, ‘‘आधी तुकडे उचल. एकही मागे ठेवू नकोस. मग मला सांग, पहिल्यांदा काय मोडलं.’’

आम्ही ते तुकडे वर्तमानपत्रावर विमानाच्या आकारात मांडले. पट्टीचे पुढचे टोक चेचले होते, पंख शाबूत होते आणि शेपटीचा सांधा मागून पुढे तुटला होता. म्हणजे नाक आधी आपटले आणि शेपटी नंतर धक्क्याने तुटली. ग्लायडर वर चढून थांबले याचा अर्थ त्याचा गुरुत्वमध्य फार मागे होता. साध्या विमानात तो पंखाच्या रुंदीच्या पुढच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागात असावा लागतो. त्याहून मागे गेला की नाक वर उचलले जाते, वेग मरतो, पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही आणि पंख उचल देणे थांबवतो. इंग्रजीतला ‘स्टॉल’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नाकाला तीन खिळे दोऱ्याने बांधल्यावर तेच ग्लायडर अंगण ओलांडून समोरच्या कडुनिंबापर्यंत गेले. अण्णांनी माझ्या आराखड्याच्या कडेला पेन्सिलीने तारीख घातली आणि खाली लिहिले, ‘शेपूट जड’. तेव्हापासून प्रत्येक आराखड्याच्या समासात पडझडीची तारीख आणि कारण लिहिण्याचा रिवाज आमच्या घरात पडला. आज माझ्याकडे चाळीसहून अधिक आराखडे आहेत आणि काहींचे समास चारही बाजूंनी भरलेले आहेत.

ताई, माझ्या उत्तराचा मोठा भाग त्या समासांतच आहे. विमान स्वतः बनवलेले असले की त्याचे तुकडे वाचता येतात, कारण कुठली पट्टी कुठून आली आणि कुठला सांधा कशाने जोडला हे मला ठाऊक असते. बाल्सा हे आमच्या छंदाचे मुख्य लाकूड प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमधून येते आणि इथे ते महाग मिळते, म्हणून मी आणलेली प्रत्येक फळी आधी काट्यावर ठेवतो. एक मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशा दिसायला सारख्या दोन फळ्यांपैकी एक तीस ग्रॅमची आणि दुसरी साठ ग्रॅमची निघू शकते. हलकी फळी शेपटीला जाते आणि जड, कडक फळी पंखाच्या मुख्य दांड्याला. येवल्याचा पतंग करणारा माणूस कामटी बोटांवर तोलून, वाकवून निवडतो, त्याचेच हे दुसरे रूप आहे आणि मला ते मनापासून आवडते.

मध्यंतरी काही वर्षे मी दोन तारांच्या टोकाशी गोल फिरणारी, छोट्या डिझेल इंजिनाची विमाने उडवली. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या त्या इंजिनांचा वास अजून माझ्या जुन्या खोक्यांना येतो. पण ती हकिकत इथे लांबवत नाही, कारण खरे शिक्षण रेडिओ हाती आल्यावर झाले.

माझा पहिला रेडिओ संच 1986 साली आखातातून आलेल्या एका नातेवाइकाने आणला. संचातले तत्त्व आजही तेच आहे. विमानातले ग्राहक यंत्र प्रत्येक सर्व्होला, म्हणजे विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरीला, सेकंदाला सुमारे पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवते. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर सर्व्होचा हात मधोमध राहतो, एक मिलिसेकंदाचा असला तर एका टोकाला जातो आणि दोन मिलिसेकंदांचा असला तर दुसऱ्या. त्या संचावरचे माझे पहिले विमान अकराव्या उड्डाणात हाताबाहेर गेले. मी काठी कशीही फिरवली तरी ते डावीकडे एकसारखे, शांत गोल घेत खाली येत राहिले आणि ज्वारीच्या शेतात पडले. सोबतचे सगळे म्हणाले की आसपास कोणीतरी त्याच लहरीवर दुसरा संच चालू केला असणार. त्या काळात क्रिस्टलने लहर ठरवणाऱ्या संचांमध्ये असे खरोखर होत असे, म्हणून आम्ही माळावर लहरींच्या क्रमांकांची फळी ठेवत असू आणि ज्याच्याकडे त्या क्रमांकाचा चिमटा असेल त्यानेच संच चालू करायचा असा नियम होता.

पण तुकडे मांडल्यावर मला ते पटेना. दुसऱ्या संचाचा अडथळा आला असता तर सर्व्हो वेडेवाकडे थरथरले असते आणि विमानाने हवेत झटके दिले असते. इथे तर शेपटीवरची दिशादर्शक पट्टी किंचित डावीकडे वळलेल्या स्थितीत थांबलेली सापडली. वीज गेली की सर्व्हो जिथे असतो तिथेच राहतो, तेव्हा प्रश्न विजेचा होता. चार पेन्सिल सेल मी स्प्रिंगच्या डबीत बसवले होते. भिंगातून पाहिल्यावर स्प्रिंगच्या टोकाशी घासल्याचे काळे डाग दिसले. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे मारणाऱ्या इंजिनाच्या कंपनांनी तो संपर्क झिजवला होता. समासात लिहिले, ‘डबी नको, सेल डाखावेत’. त्यानंतर माझ्या एकाही विमानात स्प्रिंगची डबी बसली नाही. हे निदान करायला मला चार संध्याकाळी लागल्या. त्यांतल्या पहिल्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले होते, हे खरे आहे. दुसऱ्या संध्याकाळपासून मी जेवायलाही हाका मारल्याशिवाय उठत नव्हतो.

सगळीच कारणे इतकी दडलेली नसतात. 1993 साली एका दुरुस्तीनंतर मी पंखांच्या सर्व्होची जोडणी उलट केली आणि विमान जमिनीवरून उचलल्यापासून तीन सेकंदांत उलथले. ती चूक संपूर्णपणे माझी होती. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी मी विमानाच्या मागे उभा राहतो, काठी उजवीकडे नेतो आणि उजव्या पंखाची पट्टी वर गेली की नाही हे डोळ्यांनी पाहतो. तुमच्या मुलालाही मी माळावर हेच सर्वांत आधी शिकवीन.

ज्या पडझडीने मला सर्वांत जास्त दिले ती एचटी-2 ची. हे हिंदुस्थान एअरक्राफ्टचे प्रशिक्षण विमान 1951 साली पहिल्यांदा उडाले आणि त्याचे रचनाकार होते डॉ. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरकडच्या या माणसाने जर्मनीत गॉटिंगेनला हवेच्या प्रवाहाचे शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. अण्णांच्या पिढीतली कारखान्यातली माणसे त्यांचे नाव आदराने घेत. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी एचटी-2 ची एकास सहा प्रमाणातली प्रतिकृती करायला घेतली. मूळ विमानाचा पंखविस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास असल्याने माझ्या पंखांचा विस्तार एक मीटर एकोणऐंशी सेंटिमीटर आला. लांबी सहापट कमी केली की वजन सहाच्या घनाने, म्हणजे दोनशे सोळा पटींनी कमी व्हावे लागते. मूळ विमान भरल्या वजनाने साधारण हजार किलोंचे, तेव्हा माझे साडेचार-पावणेपाच किलोंत बसायला हवे होते आणि बसले.

अडचण वेगळीच निघाली. आकार सहापट लहान आणि वेग सुमारे अडीचपट कमी, यामुळे पंखाभोवतीच्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक मूळच्या पंधराव्या भागावर येतो. सोप्या शब्दांत सांगायचे तर लहान पंखाला हवा जास्त चिकट भासते आणि पृष्ठभागालगतचा तिचा पातळ थर लवकर सुटतो. या थराचा सिद्धांत 1904 साली प्रांट्ल यांनीच मांडला होता. माझ्या पंखाची रुंदी टोकाकडे कमी होत होती, त्यामुळे टोकाशी हा अंक आणखी घटत होता आणि पंखाची टोके मुळाच्या आधी दगा देणार होती. उतरताना मी शेवटचे वळण जरा सावकाश घेतले, आतल्या बाजूच्या पंखाचे टोक अचानक गळले आणि विमान अर्धी गिरकी घेऊन मुरमावर पडले. तुकड्यांत डाव्या पंखाचे टोक चेचलेले होते आणि मुळाकडचा भाग कोरा होता, तेव्हा कारण माळावरच समजले. नवा पंख करताना मी त्याला टोकाकडे खालच्या बाजूला अडीच अंशांचा पीळ दिला, म्हणजे मुळाकडचा भाग आधी सुटतो, विमान नाक हलवून इशारा देते आणि टोकांवरचा ताबा शिल्लक राहतो. तो नवा पंख आजही उडतो आहे. गॉटिंगेनच्या शास्त्राचा एवढा लहानसा धागा माझ्या हातापर्यंत आला, याचा मला फार आनंद आहे.

त्या पडझडीत धड जवळजवळ वाचले, कारण पंख धडाला नायलॉनच्या दोन स्क्रूंनी बसवला होता आणि ते स्क्रू तुटून पंख वेगळा झाला. लेथच्या लीड स्क्रूला शिअर पिन असते, जोर जास्त आला की ती दोन रुपयांची पिन कापली जाते आणि लाखाचे यंत्र वाचते. नवशिक्याच्या विमानाचा पंख रबर बँडांनी बांधतात तोही याच कारणासाठी. तुमच्या मुलाचा पंख धडाला गोंदाने पक्का चिकटवलेला होता हे मी पाहिले. पुढच्या वेळी त्याला धडातून दोन आडव्या कामट्या घालायला सांगा आणि पंख रबर बँडांनी आवळायला सांगा.

आणखी एक गोष्ट त्याला आधीच कळलेली बरी. जोडलेले विमान पहिल्याइतके हलके राहत नाही. शेपटीच्या सांध्यात दहा ग्रॅम इपॉक्सी गोंद जास्त गेला, तर समतोलासाठी नाकात बऱ्याचदा त्याच्या तिप्पट शिसे भरावे लागते, कारण शेपूट गुरुत्वमध्यापासून नाकापेक्षा तितकी लांब असते. म्हणून जोडताना पांढरा गोंद कमी लावावा, पातळ पट्टीचा आधार द्यावा आणि एक रात्र दाबून ठेवावे. नवे विमान लगेच विकत आणून देऊ नका, निदान आठवडाभर. आणि जागा मात्र नीट निवडा. मी उडवण्याआधी सरकारी ड्रोन नकाशावर हिरवा भाग पाहतो आणि रस्ता, वस्ती, माणसे यांपासून दूर उभा राहतो. साडेचार किलोंचे विमान मातीत पडले तरच त्याचे तुकडे शांतपणे वाचता येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. मला कायमचे वाईट वाटते ते एकाच विमानाचे आणि ते मोडलेले मी पाहिलेलेच नाही. 1996 च्या मे महिन्यात दोन मीटर पंखांचे एक बिनइंजिनाचे ग्लायडर मी याच माळावर उडवत होतो. सकाळी अकराच्या सुमारास तीन घारी पंख न हलवता गोल चढत होत्या, म्हणजे तिथे तापलेल्या हवेचा स्तंभ उठत होता. मी ग्लायडर त्यांच्याखाली नेले आणि ते त्यांच्याबरोबर चढू लागले. इतके सुंदर उड्डाण मला त्याआधी साधले नव्हते, म्हणून मी त्याला उतरवायला उशीर केला. ठिपका इतका लहान झाला की ते माझ्याकडे येते आहे की दूर जाते आहे हे ओळखू येईना. पापणी लवली आणि ते दिसेनासे झाले. आम्ही तीन दिवस कांद्याची वावरे, ओढे आणि बाभळीची बने धुंडाळली, दोन गावांत विचारले, पण एक कामटीही सापडली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक विमानाच्या पोटात मी माझा फोन नंबर लिहितो.

त्या ग्लायडरचा आराखडा अजून माझ्या कपाटात आहे. समासात अण्णांच्या हस्ताक्षरात फक्त तारीख आहे. कारणासाठी त्यांनी ओळ आखली होती आणि ती तशीच रिकामी आहे.