डॅडी किंगची चव्वेचाळीस वर्षं

रविवार, रात्री

आज एकदाचं अमेरिकेतल्या अटलांटाचं एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च बघून झालं. ऑबर्न ॲव्हेन्यूवरची जुनी लाल विटांची इमारत आता नॅशनल पार्कवाले सांभाळतात, उपासना समोरच्या नव्या चर्चमध्ये होते. लोक येतात ते मार्टिन ल्यूथर किंगसाठी. मला ओढ होती त्याच्या वडिलांची. सगळे त्यांना डॅडी किंग म्हणत. १९३१ ते १९७५ ते इथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, आणि त्यांच्या आधी १८९४ पासून त्यांचे सासरे.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती माणसांना याचं नवलच. आमच्याकडे पाळकसाहेब जरा रुळले की बदली आलीच. बॅप्टिस्ट पंथात बदली करायला वरचा अधिकारी, बिशपच नाही. मंडळीच, म्हणजे चर्चचे सभासदच, पाळकाला बोलावते, तीच पगार देते. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. काळ्या मास्तरांनी तोंड उघडलं तर नोकरी जायची. पाळकाचं पोट मंडळीच्या दानावर, त्याला कुठला गोरा साहेब काढणार? डॅडी किंगनी ही मोकळीक मंडळीसाठीच खर्ची घातली. १९३० च्या दशकात शेकडो लोकांना घेऊन मतदानाच्या हक्कासाठी सिटी हॉलवर गेले. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांएवढा पगार मिळावा म्हणून भांडले. आणि हे सगळं कुठून, तर ऐन मंदीत, ओढगस्तीला आलेलं चर्च हाती घेऊन!

बुटांच्या दुकानातला किस्सा तर मला फार आवडतो. छोट्या मार्टिनला घेऊन ते पुढच्या खुर्च्यांवर बसले. विक्रेता म्हणाला, मागे बसा, मग दाखवतो. घेऊ तर इथेच बसून, नाहीतर घेणारच नाही, असं सुनावून पोराचा हात धरून ते बाहेर पडले.

जुन्या चर्चमध्ये लाकडी बाकं आहेत, पुढे ऑर्गन. ३० जून १९७४, रविवार. ऑर्गनवर बसलेल्या त्यांच्या पत्नी अल्बर्टा यांना एका काळ्या तरुणाने गोळ्या घातल्या. १९६८ मध्ये मार्टिनला गोऱ्या माणसाने मारलं होतं, पुढच्याच वर्षी धाकटा मुलगा ए. डी. पोहण्याच्या तलावात बुडून गेला. तरी डॅडी किंग म्हणायचे, या दोन्ही मारेकऱ्यांचा द्वेष करायला मला वेळ नाही. क्षमेवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकतेय, बरीचशी डुलक्या काढत. इथे मात्र पाय निघेना.

देवमाणूस वगैरे म्हणणार नाही. भारी तापट होते, पोरांना पट्ट्याने मारायचे. आणि १९५६ मध्ये माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्यांचा बसवरचा बहिष्कार मार्टिनच्या पुढाकाराने चालू असताना मार्टिनच्या घरावर बाँब पडला, मग अटकेची वेळ आली, तेव्हा याच लढवय्या बापाने अटलांटातली वजनदार माणसं घरी जमवली. कशाला, तर अटलांटाला आलेल्या पोराला म्हणावं माँटगोमेरीला परत जाऊ नकोस. पोरगा बधेना. मग काय, स्वतःच त्याच्याबरोबर गाडीत बसून माँटगोमेरीला गेले.