बत्तीस बोअरचा परवाना वारसाच्या नावे करताना : माझा ग्वाल्हेरचा अनुभव

बाबांच्या निधनानंतर त्यांच्या बहुतेक वस्तू आम्ही सवडीने आवरल्या. कपाटातल्या बत्तीस बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र सवड नव्हती. परवाना व्यक्तीच्या नावे असतो आणि ती व्यक्ती गेली की शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकारही संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आम्ही विक्रेत्याचा मार्ग निवडला, कारण पोलिसांच्या मालखान्यात पडून राहिलेल्या हत्याराला तेलाचे बोट कोण लावणार?

वारसासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर अर्ज करता येतोच, पण त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतही ते वारसाच्या नावे करता येते. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या नावावर बंदूक आहे त्यांनी हाच मार्ग धरावा असे माझे मत आहे, कारण मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि भावंडांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे जमवण्यातच माझी निम्मी शक्ती खर्ची पडली. पुढची वैद्यकीय तपासणी, सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पोलीस चौकशी त्यामानाने सुरळीत झाली. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची हौस एवढी, की २०१९ मध्ये इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना दहा झाडे लावण्याची अट घातली होती. माझ्या वाट्याला फक्त कागद आले.

खरा गुंता काडतुसांचा निघाला. बाबांच्या परवान्यावर फक्त ‘बत्तीस बोअर’ असे लिहिलेले होते आणि डबीतली काडतुसे दोन प्रकारची होती. विक्रेत्याने दोन्ही काचेवर शेजारी शेजारी उभी केली. एकाची पितळी पुंगळी साधारण २३ मिलिमीटर लांब आणि बुडाशी रुंद कड असलेली. दुसऱ्याची १७ मिलिमीटरची, कड जेमतेम नखाला लागावी इतकी. पहिले रिव्हॉल्व्हरचे, दुसरे पिस्तुलाचे. बोलण्यात दोन्ही बत्तीसच आणि दोन्हींचे मेट्रिक माप ७.६५ मिलिमीटर सांगतात. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागात, शिरते, कधी उडतेही, पण त्याचा दाब अधिक असतो आणि कड अरुंद असल्याने ते नीट टेकत नाही. ती आखूड काडतुसे कोणाकडून आली हे आता सांगणारे कोणी उरले नाही. ती नोंद करून वेगळी जमा करवून घेतली आणि वारसाच्या अर्जात फक्त लांब काडतुसांची संख्या लिहिली.

हे सगळे मी टेक्सासमधल्या चुलतभावाला फोनवर सांगितले, तेव्हा त्याने याच तत्त्वाची दुसरी बाजू उलगडली. त्याच्याकडे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे. १९३५ मध्ये त्याचे काडतूस बाजारात आले तेव्हा .३८ स्पेशल या जुन्या, कमी जोराच्या काडतुसाची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने मुद्दाम लांबवली होती, जेणेकरून जोरकस मॅग्नम काडतूस जुन्या .३८ च्या सिलिंडरमध्ये शिरूच नये. उलट, .३८ मात्र मॅग्नममध्ये आरामात चालते. दादा वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो, तरीही सरावाची हलकी काडतुसे तो मॅग्नमच्याच लांब पुंगळ्यांत बनवतो. आखूड पुंगळी वापरली की तिच्या तोंडापुढे सिलिंडरच्या घरात काजळीचे कडे जमते आणि नंतर लांब काडतूस तिथे अडकते, असे त्याने सांगितले. लांब पुंगळीत हलका भार भरला की रिकामी जागा जास्त उरते, त्यामुळे चुकून बंदुकीची दारू दुप्पट पडली तरी ती वर येऊन दिसत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी तो प्रत्येक पुंगळीत विजेरीने डोकावून पाहतो. तो मुळात भित्रा माणूस आहे आणि या कामाला तोच स्वभाव योग्य असे मला वाटते.

“तुझ्या रिकाम्या पुंगळ्या टाकू नकोस, मी भरण्याचे यंत्र पाठवतो,” असे तो उत्साहाने म्हणाला. “दादा, तो विचारही नको,” असे मला सांगावे लागले. आपल्या अधिनियमाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात, आणि निर्मितीसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. वैयक्तिक परवान्यावर घरी पुंगळ्या भरत बसणे हा सरळ गुन्हा आहे. तिकडे जे शनिवारचे विरंगुळ्याचे काम, ते इकडे तुरुंगात नेऊ शकते.

परवाना हाती आला तो पाच वर्षांच्या मुदतीचा. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीन वर्षांची होती. रिव्हॉल्व्हर सोडवून घेताना मी विक्रेत्याकडे नवी काडतुसे मागितली, तेव्हा त्याने आधी सिलिंडर उघडून पाहिले, मग डबीवरचे माप वाचून दाखवले आणि परवान्यावर संख्या चढवून सही-शिक्का केला. अर्ज करणाऱ्याने निदान हे माप आपल्या वहीत लिहून ठेवावे आणि विकत घेताना ‘बत्तीस द्या’ एवढ्यावर न थांबता रिव्हॉल्व्हरचे की पिस्तुलाचे तेही स्पष्ट सांगावे.