मुक्कामी गाडीच्या आधाराने: बारांपैकी नववी सहल

गेल्या पाडव्याला मी ठरवले की, पुढच्या पाडव्यापर्यंत स्वतःचे वाहन न काढता बारा सहली पूर्ण करायच्या. प्रत्येक सहल आमच्या गावच्या एसटी निवाऱ्यापासून सुरू व्हावी आणि त्याच रात्री तिथेच संपावी. एसटी, रेल्वे आणि पाय यांखेरीज फार तर सीटप्रमाणे भाडे घेणारा ऑटो चालेल, पण आख्खा ऑटो ठरवायचा नाही, एवढेच नियम मी घालून घेतले. मागच्या रविवारी भद्रावतीला जाऊन आल्यावर नऊ सहली झाल्या. ज्यांना हाच छंद आहे त्यांच्यासाठी आतापर्यंतची नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण ठिकाणांची माहिती कुठेही मिळते, पण गाडीचा मेळ कसा बसवला हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पुलगावपासून बारा किलोमीटर आत आहे. रात्री आठच्या सुमारास येणारी एसटी गावातच मुक्कामाला असते. चालक आणि वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात आणि सकाळी सहाला तीच गाडी पुलगावला निघते. खेड्यातल्या गाड्यांचे वेळापत्रक खेड्यातल्या माणसाच्या कामाप्रमाणे आखलेले असते, म्हणजे सकाळी त्याला दवाखाना, बाजार, तहसील किंवा कॉलेजसाठी तालुक्याला न्यायचे आणि दिवस मावळता घरी आणून सोडायचे. शहरातून खेडे पाहायला निघणाऱ्याला हा सारा ओघ उलटा पडतो, त्यामुळे एसटीने सहल होत नाही असे त्याला वाटते. आमच्यासारख्या गावात राहणाऱ्याला मात्र मुक्कामी गाडीमुळे पहाटेपासून रात्रीपर्यंत चौदा तासांचा अख्खा दिवस मिळतो. मी इतकी वर्षे या गाडीने फक्त कामाला जात होतो. तिच्या दोन फेऱ्यांमध्ये एवढी मोकळी जागा आहे हे या वर्षीच ध्यानात आले.

अडचण येते ती दुसऱ्या टोकाला. आपण जिथे जातो ते गावही कुणाच्या तरी मुक्कामी गाडीवर चालत असेल, तर दुपारी तिथून परतायला काहीच नसते. म्हणून मी ठिकाणांचे दोन भाग केले आहेत: वाटेवरची आणि टोकाची. दोन मोठ्या आगारांमधल्या रस्त्यावर असलेले ठिकाण वाटेवरचे, कारण तिथे दिवसभर दोन्हीकडून गाड्या जात असतात. जिथे रस्ता संपतो ते टोकाचे. वाटेवरच्या ठिकाणी निश्चिंतपणे जावे. टोकाच्या ठिकाणी जायचे असेल तर परतीची गाडी आधी ठरवावी, जाण्याची नंतर, आणि शेवटची गाडी आपली न मानता तिच्या आधीची आपली मानावी.

हा नियम मला आठव्या सहलीने शिकवला. आर्वीच्या बाजूला नदीकाठच्या एका गावात जुने हेमाडपंती देऊळ आहे, आणि तिथे जाणारा फाटा मुख्य रस्त्यापासून सात किलोमीटर आत जातो. सप्टेंबरमध्ये मी चौकशी केली तेव्हा सकाळी साडेदहा आणि सायंकाळी पाच अशा दोन फेऱ्या असल्याचे कळले. मी गेलो दिवाळीनंतरच्या आठवड्यात. सकाळची गाडी वेळेवर मिळाली, पण सायंकाळची आलीच नाही. फाट्यावरच्या निवाऱ्याच्या भिंतीवर निळ्या रंगात वेळा रंगवलेल्या होत्या आणि ५.०० या आकड्यापुढे कोणीतरी खडूने ‘शाळा’ एवढेच लिहिले होते. सकाळी उतरताना ते मी वाचले होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. ती फेरी मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाडीची होती, जी मुख्यतः शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी चालते, आणि शाळेला दिवाळीची सुट्टी होती. चूक सर्वस्वी माझी होती. सात किलोमीटर मी चालत आलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, बाया ओट्यातला कापूस धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामा करून घराकडे निघाल्या होत्या, आणि मुख्य रस्त्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला. तेव्हापासून वहीत प्रत्येक फेरीपुढे ‘रोज’, ‘शाळा’ किंवा ‘बाजार’ असा शेरा लिहितो. आठवडी बाजाराच्या दिवशी एखादी फेरी वाढते, तीही इतर दिवशी गृहीत धरू नये.

रेल्वेच्या सहलींमध्ये मला सर्वांत समाधान देणारी तिसरी होती, जलंब ते खामगाव. पुलगावहून शेगावपर्यंत मुख्य मार्गाने जायचे, पुढच्याच जलंब स्थानकावर उतरायचे आणि सुमारे १३ किलोमीटरच्या फाट्याने खामगावला पोहोचायचे. मुंबईहून येणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तेव्हा तो वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या पेठांना बगल देऊन सरळ गेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडी कापसाकडे वळवली होती, आणि त्या पेठा जोडण्यासाठी १८७० मध्ये खामगावचा व १८७१ मध्ये अमरावतीचा फाटा टाकला गेला. विदर्भात गाडी बदलायची ती अमरावतीत नव्हे तर बडनेऱ्यात, खामगावात नव्हे तर जलंबला, याचे कारण हेच. पुढे अरुंद रुळांच्या गाडीने यवतमाळ आणि अचलपूर मूर्तिजापूरला जोडले, तर आर्वी पुलगावला. ‘शकुंतला’ म्हणून आपण जिला ओळखतो तिचे हे जाळे आता बंद आहे. पुलगाव–आर्वीच्या ३५ किलोमीटरांच्या रुळांचे जे अवशेष आहेत ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणून खामगावच्या फाट्यावर गाडी अजून चालते, लोक भाजीच्या टोपल्या घेऊन तिच्यात चढतात, हे पाहून मन भरून आले. जलंबच्या फलाटावर जोडगाडीची वाट पाहत काढलेला दीड तास मला जराही जड गेला नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात लिहितो. पहिली सहल पवनारची, आणि नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असे मला वाटते, कारण पवनार वर्धा–नागपूर रस्त्यावर असल्याने गाडीची चिंताच नाही. विनोबाजी १९३८ मध्ये इथे राहायला आले आणि आश्रमाची जमीन खणताना प्राचीन शिल्पे निघाली, त्यांत भरतभेटीचे शिल्प आहे. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले होते, हे मनात ठेवून धाम नदीच्या काठी बसले म्हणजे वेगळेच वाटते. रामटेकला इतवारीहून रेल्वेने गेलो आणि नागपूरपर्यंत एसटीने परतलो, कारण फाट्यावरच्या रेल्वेगाड्या मोजक्या आहेत, बस पुष्कळ. चिखलदरा मात्र माझ्या नियमात बसले नाही. बडनेरा, अमरावती, परतवाडा अशा तीन ठिकाणी गाडी बदलून घाट चढेपर्यंत दुपार होते आणि गाविलगड पाहायचा म्हटला तर परतीची गाडी हातची जाते. श्रावणात आम्ही तिथे रात्री राहिलो, गड निवांत पाहिला, आणि ती सहल मोजणीत धरली नाही.

आता नववीकडे वळतो. या वेळी आई सोबत होती. ती ७२ वर्षांची आहे आणि मार्च २०२३ पासून एसटीत सर्वच महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे आमचे दोघांचे मिळून दीड तिकीट लागते. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तरी साध्या गाडीचे भाडे इतके कमी असते की त्याचा भार वाटत नाही. पुलगावहून वर्धा, आणि वर्ध्याहून बल्लारशाच्या मार्गाने हिंगणघाट, वरोरा, माजरी ही स्थानके मागे टाकत भांदक. इथे एक गोष्ट नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावी: वर्धा आणि सेवाग्राम ही दोन निराळी स्थानके आहेत, सेवाग्रामचे पूर्वीचे नाव वर्धा पूर्व होते, आणि बल्लारशाकडे जाणारी गाडी यांपैकी कुठून सुटते हे पाहूनच घरून निघावे. दुसरे असे की १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने, प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून दोन टप्प्यांमध्ये बराच वेळ असेल तर पुढचे तिकीट तिथेच काढणे बरे.

खिडकीतून हिंगणघाटपर्यंत पऱ्हाटी आणि तूर दिसत राहिली, वरोऱ्यानंतर कोळशाचा मुलूख सुरू झाला आणि रुळांशेजारी थांबलेल्या मालगाड्यांच्या रांगा लागल्या. भांदकला उतरून सीटच्या ऑटोने भद्रावती गावात गेलो आणि तिथून विजासनच्या बौद्ध लेण्याच्या टेकडीपर्यंत चालत. आई पायऱ्यांपाशी थांबली. ‘तू ये पाहून, मी इथंच बसतो,’ ती म्हणाली.

लेण्याचा मुख्य बोगदा सरळ टेकडीच्या पोटात जातो. उन्हातून आत शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, हाताला फक्त भिंतीचा खडबडीत गारवा लागतो. पाच-सहा पावलांनंतर डोळे निवळतात आणि अगदी शेवटी, काळोखापेक्षा किंचित उजळ असा, बसलेल्या बुद्धाचा आकार दिसू लागतो. जसजसे पुढे जावे तसतसे आधी खांदे, मग मांडी घातलेले गुडघे आणि सर्वांत शेवटी चेहरा दिसतो. दोन्ही बाजूंना काटकोनात आणखी दोन बोगदे फुटतात, त्यांच्या टोकालाही बुद्धमूर्ती आहेत. मी मध्यावर उभा राहून वळून पाहिले, तेव्हा दाराचा उजेडाचा चौकोन तळहाताएवढा दिसत होता आणि त्यात आईच्या लुगड्याचा हिरवा काठ. बाहेर येऊन तिला सांगितले, तेव्हा तीही माझा हात धरून आत आली आणि शेवटपर्यंत गेली.

त्यानंतर जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ पाहून दुपारी अडीचला बसस्थानकावर आलो. परतीला रेल्वे न धरता एसटी धरायची हे आधीच ठरले होते, कारण भद्रावती नागपूर–चंद्रपूर रस्त्यावर आहे, म्हणजेच वाटेवरचे ठिकाण. तरी आईने शेजारी बसलेल्या बाईंना विचारलेच, ‘वर्ध्याची गाडी भेटते का जी इथून?’

‘वर्ध्याची इथून कमी भेटते बाई. वरोऱ्याले उतरा, तिथून पाहा. ही नागपूरची येऊनच रायली, बसून जा.’

आम्ही तसेच केले. वरोऱ्याला वीस मिनिटांत वर्ध्याची गाडी मिळाली, वर्ध्याहून पुलगावला सहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो आणि मुक्कामी गाडी फलाटावर लागायला अजून पाऊण तास होता. नऊ सहलींमध्ये परतीला एवढी सवड प्रथमच उरली. फलाटावर चहा घेतला, आईने घरी न्यायला बोरे घेतली.

दहावीसाठी मनात नागभीडचा रेल्वेमार्ग आहे. धानाची शेती, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि जंगल यांमधून जाणारा झाडीपट्टीचा हा मार्ग मी अजून दिवसाउजेडी पाहिलेला नाही. पुलगावहून चंद्रपूर, तिथे चांदा फोर्ट स्थानकावर जाऊन मग नागभीड, एवढे गेल्यावर त्याच दिवशी मुक्कामी गाडी गाठणे कठीण दिसते. म्हणून आधी जाण्याचा विचार बाजूला ठेवून नागभीडहून नागपूरकडे येणाऱ्या एसटीच्या दुपारच्या वेळा गोळा करत आहे. आतापर्यंत चार गाड्यांच्या वेळा वहीत आल्या आहेत. त्यांतल्या दोहोंपुढे ‘रोज’ असे लिहिता आले, उरलेल्या दोहोंची खात्री पुढच्या आठवड्यात करायची आहे.