ऑपरेशननंतर स्कॅन जास्तच उजळला तेव्हा

गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं ऑपरेशन होऊन रक्तात चढलेलं कॅल्शियम खाली आलं होतं, आणि काही महिन्यांनी हाडांचा स्कॅन आधीपेक्षा जास्त उजळून आला. "हाडांत पसरलेला आजार नाकारता येत नाही" ही रिपोर्टमधली ओळ वाचून त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. कुणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा, म्हणून लिहितेय.

मी लातूरची. वारंवार मुतखडे, नडगीत ठणका. इकडे मुतखडा म्हटलं की सगळे पाण्यावर ढकलतात. शेवटी एका डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ८.५ ते १०.५ च्या आसपास हवं, ते १३ च्या वर. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइडचं हार्मोन, तेही चढलेलं. थायरॉइडच्या मागे या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात; त्यातली एक वाढून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. एक्स-रेत मधल्या बोटाच्या हाडाची अंगठ्याकडची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. नडगीत काळा पोकळ डाग होता, म्हणजे ब्राऊन ट्यूमर. तो कॅन्सर नसतो.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. त्यानंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात म्हणे. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागलं, मग कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं औषध) बरेच दिवस.

आणि मग तो स्कॅन. सेंटरच्या फॉर्मवर नुसतं 'हाडदुखी' लिहिलेलं, ऑपरेशनचा उल्लेखच नाही. बायोप्सीपर्यंत गोष्ट गेली होती. माझ्या डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे उजेडावर शेजारी शेजारी लावला. काळ्या डागाची कड पांढरी झालेली, आतूनही भरत आलेली. "ताई, हे बघा, हाड भरतंय," ते म्हणाले. स्कॅनचं औषध नवं हाड बनतं तिथं जास्त साठतं. हाडं जोरात भरत असली की स्कॅन काही काळ जास्तच उजळतो. बायोप्सी टळली.

म्हणून ऑपरेशनचा कागद आणि आधीच्या फिल्म्स जपून ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला सोबत न्या. ऑपरेशन झालंय हे फॉर्मवर लिहायला लावा. लिहीपर्यंत उठू नका.

डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, कमरेचं आणि खुब्याचं हाड सुधारलंय, मनगटाजवळचं मागेच आहे. तिथलं हाड हळूच भरतं. पुढची डेक्सा त्याच मशीनवर करायला सांगितलीय, मशीन बदललं की आकडे नीट ताडता येत नाहीत.