झाड तिचं आहे, तिला विचारा

इंडोनेशियाच्या जावा बेटावरचं बोरोबुदूर, ते जुनं बौद्ध स्मारक, पाहिलं. वरच्या थरांवर चढायचं परदेशी तिकीट ४ लाख ५५ हजार रुपिया, पायांत त्यांनीच दिलेल्या विणलेल्या चपला, ठरवून दिलेली वेळ, आणि शांतपणे एका बुद्धासमोर उभं राहावं तर मागून पुढच्या गटाची चाहूल. प्रम्बनानची हिंदू देवळं बघितली, बाटिक घेतलं, मालिओबोरो रस्त्यावर गर्दीत धक्के खाल्ले. या सगळ्यावर मराठीत भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते एका सागाच्या झाडाबद्दल.

योग्यकार्ता शहराच्या आग्नेयेला गुनुंगकिदुल नावाचा जिल्हा आहे. चुनखडीच्या टेकड्या आणि वर टीचभर माती. पाऊस पडतो तो दगडातून झिरपून थेट पाताळात जातो, त्यामुळे जमिनीवर पाणी टिकत नाही. पावसाचं पाणी घरामागच्या टाक्यांत साठवायचं, ते संपलं की टँकर. टँकर मागवायला बकरी विकायची वेळ येते, असं तिथं ऐकलं आणि मला जावा बेटावर चक्क माण तालुका भेटला. माझं माहेर तिथलं. जावा म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची हिरवीगार भातशेती, हे चित्र डोक्यात घेऊन गेलेल्या माझ्या नवऱ्याची घोर निराशा झाली. मी मात्र खूश होते.

राहिलो ते एका घरातच. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्या घरच्या गोष्टी आहेत. घर लाकडी, उतरत्या छपराचं, पुढची खोली एवढी मोठी की तीत लग्न लागावं. गादी पातळ. आंघोळीला हौदातलं गार पाणी डबड्याने अंगावर घ्यायचं. कोंबडे पहाटेची वाट बघत नाहीत, आणि त्यांचं आटपेपर्यंत मशिदीचा भोंगा सुरू होतो. चहात साखर इतकी की दुसऱ्या दिवसापासून मी कप बघूनच दचकायचे. पण नको म्हणायची सोय नाही, पाहुण्याने निदान एक घोट घ्यावाच लागतो. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना करणार होते, पण तिची तक्रारच होते: टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, नारळाच्या रसातली भाजी, सगळं तुमचंच आहे, आणि शेजारच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, कोळंबीचा खारवलेला गोळा आहे. तीनतीनदा सांगूनही असतो. "यात मासा नाही, वासापुरतंच आहे," असं इतक्या प्रेमाने सांगतात की भांडता येत नाही. तिवुल मात्र मनापासून आवडलं. वाळवलेल्या कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाचं, वाफवलेलं, वर गूळ. भात न परवडण्याच्या दिवसांतलं हे अन्न आता शहरातून आलेले लोक हौसेने विकत घेतात. घरच्या आजी, ज्यांना सगळे म्बाह म्हणत, त्यांनी ते आमच्यासाठी केलं पण स्वतः शिवलं नाही. साठच्या दशकातल्या दुष्काळात एवढं खाल्लंय की आता वास नको वाटतो, म्हणाल्या.

घरात म्बाह, त्यांची मुलगी (आम्ही तिला इबू म्हणायचो), जावई, आणि योग्यकार्तात शिकणारी धाकटी नात. सुट्टीला आलेली ही धाकटीच आमची दुभाषी. थोरला नातू जकार्तात नोकरीला.

सागाचा व्यापारी आला तो सकाळी, मोटरसायकलवरून. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचे दिवस होते, त्या दिवसांत हे लोक गावोगाव फिरतात. कारण इथली बँक म्हणजे साग. एके काळी या टेकड्या बोडक्या होत्या. सत्तरच्या दशकापासून लोकांनी आपापल्या परड्यात, बांधावर, कोरडवाहू तुकड्यांत साग, महोगनी, बाभळीच्या जाती लावल्या. कापायचा हिशोब झाड किती जुनं झालं यावर नसतो, गरज किती मोठी यावर असतो. फी आली की एक झाड, लग्न आलं की पाच-सहा. वनखात्याची पुस्तकं याला नावं ठेवतात, साग पुरता पोसू देत नाहीत म्हणून. पण फी साग पोसायची वाट बघत नाही.

तर व्यापाऱ्याने परड्यामागच्या एका सागाभोवती फीत गुंडाळली, वर बघितलं, आणि ओसरीत बसलेल्या घरधन्याला आकडा सांगितला. घरधनी सिगारेट ओढत होता. त्याने हनुवटीने स्वयंपाकघराकडे खूण केली. धाकटीने हळूच आम्हाला सांगितलं, "बाबा म्हणाले, झाड तिचं आहे, तिला विचारा."

इबू हात पुसत बाहेर आली. आकडा ऐकला. काही न बोलता झाडाला एक फेरी मारली, खोडावर दोनदा थाप मारली आणि बरोबर त्याच्या दीडपट आकडा सांगितला. व्यापारी हसला. इबू हसली नाही. बराच वेळ घासाघीस चालली. जावेत ती अत्यंत हळू आवाजात चालते, लांबून बघणाऱ्याला वाटावं दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करताहेत. व्यापारी शेवटी चहा पिऊन तसाच गेला. घरधनी या सगळ्यात एक शब्द बोलला नाही. ना त्याला राग आला, ना त्याने नंतर खोलीत जाऊन बायकोला "दिलं असतं तर काय झालं असतं" असं सुनावलं. मी कान लावून होते. माझ्या नवऱ्याने सिगारेटवाल्याकडे ज्या आदराने पाहिलं त्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

रात्री जेवणानंतर मी विषय काढला. काढला म्हणजे पिच्छाच पुरवला. त्या घरात सगळ्या मालमत्तेला धनी आहेत, आणि प्रत्येकाला ते पाठ आहेत. परडं आणि मागचा तुकडा इबूचा, तिच्या वडिलांकडून आलेला. खालच्या अंगाचा भाताचा वाफा घरधन्याचा, त्याच्या माहेरचा म्हणा ना. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतला तो रस्त्याकडचा तुकडा दोघांचा: त्याला गोनो-गिनी म्हणतात आणि काडीमोड झालाच तर तो निम्मा-निम्मा. लग्नात आणलेलं ज्याचं त्याचं राहतं, लग्नानंतर कमावलेलं दोघांचं. गावची ही जुनी रीत १९७४च्या विवाह कायद्यातही तशीच उतरली आहे. शेतात गोठ्याला लागून एक फणस आहे, तो घरधन्याच्या बहिणीचा. जमीन याची, झाड तिचं. फणस लागले की ती येऊन नेते.

आणि मुलींचा वाटा? मुसलमान कुटुंब, तेव्हा शरियतप्रमाणे मुलाला दोन तर मुलीला एक. जावानी रिवाजातही काही घरांत तसंच. पण बऱ्याच घरांत बसून, बोलून, सारखं वाटतात, आणि तसं आपसात ठरवायला तिथल्या १९९१च्या इस्लामी कायद्याच्या संग्रहातही वाट ठेवलेली आहे. म्हाताऱ्या आईबापांना जो सांभाळेल त्याला घर. इथं ते धाकटीला मिळणार. हे सगळं ठरलंय, म्बाह जिवंत असताना, त्यांच्यासमोर. आमच्याकडे आईबापाच्या देखत वाटणीचा विषय काढला तर माणूस मरायला टेकल्यासारखं वातावरण होतं.

फार गोड चित्र उभं करायचं नाही. वाटून वाटून जमिनीची चिंधी झालेली आहे. जावेतल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरहूनही कमी जमीन, आणि तीही दोन-तीन ठिकाणी विखुरलेली. धाकटीचा थोरला भाऊ घराच्या वाटणीवरून धुसफुसतो, फोनवर तुटक बोलतो, हे तिनेच सांगितलं. गावच्या जुन्या नोंदवहीत, तिला लेटर सी म्हणतात, नाव असतं पण ती मालकीचा पुरता पुरावा नाही. त्यासाठी सरकारी मोजणी होऊन मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २०१७पासून सरकारने गावंच्या गावं मोजायला घेतली. मोजणी फुकट, गावपातळीवरच्या खर्चापोटी जावेत दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठशेच्या आसपास. इबूने आपलं करून घेतलंय. पण दोघांचा म्हणून सांगितला तो रस्त्याकडचा तुकडा कागदावर एकट्या घरधन्याच्या नावे आहे. "तेव्हा कचेरीत तो गेला होता," इबूने खांदे उडवले. बाकी गावातही असंच चालतं. आणि योग्यकार्ता प्रांतात चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांना शेजाऱ्यांसारखा पूर्ण मालकीहक्क मिळत नाही, १९७५च्या एका सरकारी आदेशामुळे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहून. आम्ही उतरलो तो कुलोनप्रोगोचा नवा चकचकीत विमानतळही शेतांवरच उभा आहे. त्याच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी कित्येक वर्षं भांडले. आम्ही रेल्वेच्या गार डब्यात बसून चाळीसेक मिनिटांत शहरात पोचलो.

शेजारी एक निवृत्त वाडीप्रमुख राहतात. त्यांची गोष्ट नवऱ्याला फार आवडली. गावकामगारांना पगाराऐवजी किंवा पगाराबरोबर गावच्या मालकीची जमीन कसायला मिळते. पद गेलं की जमीन पुढच्याकडे. पण या प्रांतात निवृत्तांसाठीही एक तुकडा राखलेला असतो, पेन्शन म्हणून. माणूस गेला की तो गावाकडे परत. आपल्याकडे १९६२च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, तिच्याबरोबरची वतनं गेली, आणि त्या जमिनींचे दावे अजून कोर्टात आहेत. इथं हा गृहस्थ सकाळी पेन्शनला पाणी घालत असतो. शेवटचे भुईमूग त्याने आम्हाला उकडून दिले.

तर त्या रात्री. माझे प्रश्न संपले तेव्हा म्बाहनी एकच विचारला. "हिच्या माहेरी जमीन आहे का?"

आहे, म्हटलं. भाऊ कसतो.

"हो, पण हिची कुठली?"

मी पुन्हा सांगितलं की भाऊ कसतो. धाकटीने पुन्हा भाषांतर केलं. म्बाहनी पुन्हा विचारलं, ऐकू आलं नसेल अशा समजुतीने जरा मोठ्याने. मग मी हक्कसोडपत्र समजावून सांगायला बसले. बहिणी कचेरीत जातात, माझा वाटा भावाला सोडला असं लिहून सही करतात. माझ्या आत्याने केली, तिच्या आधीच्यांना तर विचारलंही नव्हतं. कायदा आहे, महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. पण माहेरची जमीन मागितली तर माहेर तुटतं, म्हणून बायका सोडतात.

"सोडल्यावर भाऊ काय देतो?"

साडीचोळी. जेवण.

धाकटी भाषांतर करताना अडखळली. तिला वाटलं तिचंच काही चुकतंय. म्बाहनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "रेशमी असते का तरी?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला राग आला होता. त्यांचा. दादा त्या जमिनीत उन्हातान्हात राबतो, बोअरचं कर्ज त्याने एकट्याने फेडलं, आईचं दुखणंखुपणं तो बघतो, यांना काय माहीत! हे सगळं मी धाकटीला तावातावाने सांगितलं. इबू म्हणाली, मग त्याला घर द्या. जास्तीचा तुकडा द्या. पण तुझा किती ते आधी मोजा तरी, न मोजता कसं देणार?

मोबाइलमध्ये सातबारा होताच. बाबा गेल्यावर वारसांची नोंद झाली, त्यात आईचं, दादाचं, ताईचं आणि माझं नाव चढलं. निघायच्या आदल्याच आठवड्यात दादाने तो उतारा आणि हक्कसोडाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी उतारा उघडला. इबूने माझ्या नावाचं वळण बोटाने गिरवून बघितलं आणि क्षेत्र विचारलं. दोन हेक्टर दहा आर, सामाईक. ते ऐकून घरधन्याच्या तोंडातली सिगारेट निघाली. दोन हेक्टर! त्यांच्या गावात एवढी कुणाचीच नाही. त्या क्षणापासून आमच्याकडे बघायची नजर बदलली, मी कुणी जमीनदारीणच ठरले. बाजरीचं एक पीक येतं, तेही पावसाची मर्जी असेल तर, हे सांगून पाहिलं. कुणी विश्वास ठेवला नाही. सकाळी चहात आणखी एक चमचा साखर होती.

पुढे समुद्र पाहिला, तळलेले टोळ विकणारे स्टॉल पाहिले (नवऱ्याने खाल्ले, त्याचं त्याला लखलाभ), आणि परत आलो.

दादाला सांगितलंय की सही इतक्यात करत नाही, आधी मोजणी आणू, निम्मी फी मी भरते. तो "बघू" म्हणाला. ताईला फोन केला तर ती माझ्यावरच उखडली, तिने सही केव्हाच करून दिली आहे. दिवाळीत सगळे गावी आहोत, तेव्हा बोलायचं ठरलंय.